रेम्ब्रांटची गिऱ्हाइके

फेब्रुवारी १६५४ च्या २३ तारखेला ॲमस्टरडॅम शहरातील रेम्ब्रांट व्हान राइन या चित्रकाराला नोटरीमार्फत एक नोटीस मिळाली. ती पाठवणारा दिएगो द'आंद्रादा हा पोर्तुगीज वंशाचा ज्यू व्यापारी होता. त्याने एका तरुण मुलीचे तैलचित्र रेम्ब्रांटला सांगितले होते आणि पंचाहत्तर गिल्डर विसार म्हणून दिले होते. चित्र बरेचसे तयार झाल्यावर त्याने ते पाहिले आणि त्याची निराशा झाली. चित्रातला चेहरा त्या मुलीसारखा मुळीच दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. मुलगी लवकरच शहर सोडून जाणार होती. तिच्या जाण्याआधी चित्रात दुरुस्ती करावी, ते जमत नसेल तर चित्र ठेवून घ्यावे आणि विसार परत करावा, एवढेच त्याचे मागणे होते.

रेम्ब्रांटचे उत्तरही नोटरीने लिहून घेतले. राहिलेली रक्कम हाती आल्याशिवाय किंवा तिची हमी मिळाल्याशिवाय तो चित्राला हात लावणार नव्हता. पैसे मिळाले की चित्र पूर्ण करून चित्रकारांच्या संघाच्या पंचांपुढे ठेवायची त्याची तयारी होती. चेहरा जुळतो की नाही, हे त्यांनी ठरवावे. जुळत नाही असे त्यांनी म्हटले तर तो बदल करून देणार होता. एवढ्यानेही गिऱ्हाइकाचे समाधान झाले नाही, तर चित्र तो स्वतःकडे ठेवणार होता आणि पुढे कधी आपल्या चित्रांचा लिलाव करील तेव्हा विकून टाकणार होता.

उत्तर वरवर उद्धट वाटते, पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. शिंप्याने शिवलेला अंगरखा दंडात घट्ट झाला तर ते कोणालाही दाखवता येते. सोनाराने घडवलेली पाटली काट्यावर टाकता येते. पण पैसे मोजून काढून घेतलेल्या आपल्या तसबिरीचे माप कोणी घ्यायचे? गिऱ्हाइकाच्या मनात असतो तो आरशातला, थोडा सावरून पाहिलेला चेहरा. चित्रकाराला त्याच माणसाच्या चेहऱ्यावर भलतेच काही दिसत असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि जुन्या बँकांच्या भिंतींवर टांगलेल्या संस्थापकांच्या तैलचित्रांखालीही हा वाद कधी ना कधी झालेला असतो. रेम्ब्रांट मात्र या वादात जवळजवळ चाळीस वर्षे राहिला. त्यातच तो श्रीमंत झाला आणि त्यातच धुळीला मिळाला.

त्याचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन येथे झाला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक आणि आई एका पाव भाजणाऱ्याची मुलगी. लायडनमध्ये तीन वर्षे आणि ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमान याच्याकडे सहा महिने, एवढेच त्याचे शिक्षण. मग विशीच्या आतच त्याने यान लिव्हेन्स या मित्राच्या साथीने गावात काम सुरू केले. हॉलंडच्या राज्यप्रमुखाचा सचिव कॉन्स्टान्टाइन हायगेन्स हा रसिक आणि विद्वान गृहस्थ. या दोन पोरांचे काम पाहून तो चकित झाला आणि त्याने त्यांच्याविषयी आपल्या आठवणींत लिहूनही ठेवले. पण लायडन हे विद्यापीठाचे गाव. पैसा होता तो ॲमस्टरडॅममध्ये.

त्या काळचे ॲमस्टरडॅम म्हणजे जगाची पेठ होती. मलाक्काच्या पलीकडून येणारी लवंग आणि जायफळ, बाल्टिक समुद्रावरून येणारे धान्य, रशियातून येणारी केसाळ कातडी यांवर तिथले व्यापारी गबर होत होते. इटलीत किंवा स्पेनमध्ये चित्रकाराचे पोट चर्चवर आणि राजदरबारावर भरे. हॉलंडमधल्या नव्या पंथाच्या चर्चमध्ये चित्रांना मज्जाव होता आणि राजदरबार बेताचाच होता. चित्र विकत घ्यायचे ते व्यापाऱ्याने, डॉक्टरने, दारू गाळणाऱ्याने. आणि या नवश्रीमंतांना सगळ्यात आधी हवे असे ते स्वतःचे चित्र. नवऱ्याचे एक, बायकोचे एक, दोन्ही एकमेकांकडे किंचित वळलेली. भिंतीवर नवरा पाहणाऱ्याच्या डावीकडे आणि बायको उजवीकडे टांगायची, हा तिथला रिवाज.

निकोलास रुट्स हा कातड्यांचा व्यापारी. त्याचे १६३१ मधले चित्र हे रेम्ब्रांटला सांगून करवून घेतलेल्या पहिल्या व्यक्तिचित्रांपैकी एक. आज ते न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. म्हाताऱ्याच्या अंगावर मऊ लोकरीच्या कातड्याचा झगा आणि हातात कागद. कातडे इतके खरे की हात लावून भाव करावासा वाटतो. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? त्याच सुमारास रेम्ब्रांटने हेन्ड्रिक आयलेनबर्ख या चित्रविक्रेत्याला हजार गिल्डर कर्जाऊ दिले आणि त्याच्याच घरी राहून काम सुरू केले. आयलेनबर्खने गिऱ्हाईक आणायचे आणि रेम्ब्रांटने रंगवायचे, अशी वाटणी होती. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने डझनावारी व्यक्तिचित्रे केली. याच आयलेनबर्खची चुलत बहीण सास्किया. ती एका महापौराची मुलगी होती. १६३४ मध्ये रेम्ब्रांटने तिच्याशी लग्न केले.

त्याला एकदम वर काढले ते १६३२ मधल्या एका कामाने. शल्यविशारदांच्या संघाने डॉक्टर निकोलास टुल्प यांच्या शवविच्छेदनाचे चित्र सांगितले. असली समूहचित्रे हॉलंडमध्ये जुनी होती. वर्गणी काढून ती करून घेत आणि शाळेच्या वार्षिक फोटोसारखे सगळे जण ओळीत उभे राहत. पैसे दिलेल्या प्रत्येकाचा चेहरा सारखा दिसलाच पाहिजे, ही अट असे. पंचविशीतल्या रेम्ब्रांटने ओळच मोडली. फाशी दिलेल्या एका चोराचे प्रेत मध्ये आडवे ठेवले, टुल्पच्या हातातल्या चिमट्यात प्रेताच्या हाताचे स्नायू दिले आणि भोवतीच्या सात जणांना वाकून, माना पुढे काढून पाहायला लावले. चेहरे सगळ्यांचे स्पष्ट आहेत, वर्गणी कोणाची वाया गेलेली नाही. पण कोणी चित्रासाठी बसलेले दिसत नाही. प्रत्येक जण कामात आहे. गिऱ्हाइकाचे आणि चित्रकाराचे एकाच वेळी पूर्ण समाधान व्हावे, असे प्रसंग रेम्ब्रांटच्या आयुष्यात फार आले नाहीत. हा त्यांतला एक.

कारण त्याच वर्षी दुसरे एक चित्र वेगळ्या कारणाने गाजले. हायगेन्सचा भाऊ मॉरिट्स आणि त्याचा मित्र जॅक द खाइन यांनी मैत्रीची खूण म्हणून आपली दोन सारखी छोटी चित्रे रेम्ब्रांटकडून करून घेतली. ती पाहून हायगेन्सने, ज्याने या मुलाला उजेडात आणले त्यानेच, चेहरा जुळत नसल्याबद्दल लॅटिनमध्ये थट्टेचे काही श्लोक रचले. द खाइनचे हे चित्र पुढे लंडनच्या डलिच गॅलरीत गेले. ते इतके आटोपशीर आहे की १९६६ ते १९८३ या काळात चार वेळा चोरीला गेले आणि चारही वेळा परत मिळाले. चेहरा द खाइनचा असो वा नसो, चोरांना तो नेमका ओळखता येत होता.

रेम्ब्रांटकडे चित्र काढून घ्यायचे तर सवड लागे. त्याच्या एका जुन्या शिष्याकडून ऐकलेली हकीकत फिलिप्पो बाल्दिनुच्ची या इटालियन लेखकाने १६८६ मध्ये छापली. तिच्याप्रमाणे माणसाला दोन-दोन, तीन-तीन महिने बैठका द्याव्या लागत आणि म्हणून फार थोडे लोक त्याच्याकडे जायला धजत. तैलरंगात हा उशीर अंगभूत असतो. कॅनव्हासला आधी सरस लावायचा, त्यावर तपकिरी किंवा करड्या रंगाचा अस्तर द्यायचा, मग तपकिरी छटांतच सगळी आकृती मांडून घ्यायची. त्यावर रंगाचा थर चढवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, की पुन्हा थर. चटपटीत चित्रकार चेहऱ्यापुरते माणसाला बसवत आणि झालर, गळपट्टी, हात वगैरे कारखान्यातल्या शिष्यांवर सोपवून मोकळे होत. रेम्ब्रांट वाळलेल्या थरावर परत परत जात असे. जाड रंग एवढा चढवी की दागिन्यावरचा उजेड कॅनव्हासवर उंचवटा होऊन उभा राही.

तरीही लोक येत होते. मार्टेन सूलमान्स आणि ओप्येन कॉपिट या तरुण जोडप्याने १६३४ मध्ये डोक्यापासून बुटांपर्यंतची दोन चित्रे करून घेतली. अशी पूर्णाकृती चित्रे एरवी राजघराण्यातली माणसे काढवीत. बुटांवरच्या फितीच्या फुलांवरून यांच्या संपत्तीचा अंदाज यावा. २०१६ मध्ये ही जोडी फ्रान्स आणि नेदरलँड्स या दोन देशांनी मिळून १६ कोटी युरोंना विकत घेतली.

रेम्ब्रांटच्या तेजीच्या काळातले दर आज आपल्याला कळतात ते एका विचित्र कारणाने. पुढे त्याचे दिवाळे निघाले तेव्हा मुलाच्या वाट्याची आईकडची मिळकत वाचवण्यासाठी, सास्कियाच्या मृत्यूच्या वेळी रेम्ब्रांटची कमाई किती होती हे कोर्टात सिद्ध करावे लागले. त्यासाठी १६५९ मध्ये जुनी गिऱ्हाइके साक्षीला आली. वेस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने सांगितले की आपले आणि बायकोचे चित्र काढायला पाचशे गिल्डर दिले आणि कॅनव्हास व चौकटीचे साठ वेगळे. कुशल कारागिराला वर्षभर राबून तीनशेच्या आसपास मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. राज्यप्रमुखासाठी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रे करताना रेम्ब्रांटने एकेकाचे हजार मागितले होते आणि सहाशेवर त्याची बोळवण झाली होती. त्याच्या हातची जी सात पत्रे उरली आहेत, ती सातही या एकाच व्यवहाराची आहेत. त्यांत कलेविषयी फार थोडे आणि वसुलीविषयी पुष्कळ आहे.

साक्षीदारांत एक कापडव्यापारी होता. आपण इतरांबरोबर एका मोठ्या चित्रात आहोत, सोळा जणांनी सरासरी शंभर गिल्डर दिले, चित्रातल्या जागेप्रमाणे कोणी जास्त, कोणी कमी, असे त्याने सांगितले. हे चित्र म्हणजे १६४२ मध्ये पुरे झालेले 'नाइट वॉच'.

कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक याच्या नागरी पथकाने आपल्या नव्या सभागृहासाठी ते करवले. तिथे इतर पथकांचीही चित्रे लागणार होती आणि ती दुसऱ्या नावाजलेल्या चित्रकारांकडे होती. त्यांनी वर्गणीदारांना नीट ओळीने उभे केले. रेम्ब्रांटने पथक निघण्याचा क्षण पकडला. ढोल वाजतो आहे, कुत्रे भुंकते आहे, कोणी बंदूक ठासतो आहे. कॅप्टनच्या पुढे आलेल्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडली आहे. एक पैही न दिलेली, कमरेला कोंबडी टांगलेली एक छोटी मुलगी भर उजेडात आहे आणि शंभर गिल्डर मोजलेल्या कोणाच्या चेहऱ्यापुढे दुसऱ्याचा हात आला आहे. रेम्ब्रांटचा शिष्य सॅम्युएल व्हान होखस्ट्राटेन याने १६७८ मध्ये याचा निवाडा लिहिला आहे. सांगितलेल्या सुट्या चेहऱ्यांपेक्षा गुरूने एकंदर चित्राची काळजी जास्त केली, ही लोकांची तक्रार त्याने मान्य केली. पण या चित्राशेजारी बाकीची पत्त्यांच्या कॅटासारखी दिसतात, हेही नोंदवले.

पथकाने हे चित्र नाकारले आणि तिथून रेम्ब्रांटची घसरण सुरू झाली, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खरी वाटू लागते. ती खरी नाही. पैसे मिळाले होते, चित्र ठरलेल्या जागी लागले होते आणि कॅप्टनने आपल्या घरच्या संग्रहासाठी त्याची छोटी नक्कलही करून घेतली होती. चित्राची खरी हेळसांड पुढे झाली. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून त्याच्या चारही कडा कापल्या गेल्या. रात्रीची गस्त हे नावही वार्निश काळवंडल्यावर मिळालेले. चित्रातली वेळ दिवसाची आहे.

घसरणीची कारणे जास्त गद्य होती. १६३९ मध्ये त्याने तेरा हजार गिल्डरांना मोठे घर घेतले आणि त्याचे हप्ते थकवले. शंख-शिंपले, शिरस्त्राणे, इटालियन छापील चित्रे, रोमन पुतळे, जे दिसेल ते लिलावात चढ्या भावाने घेण्याचा त्याला नाद होता. १६४२ च्या जूनमध्ये सास्किया गेली. आधीची तीन मुले तान्हेपणीच दगावली होती. मागे राहिला वर्षाचाही न झालेला टिटस. त्याच सुमारास आंद्रिस द ग्राफ या बड्या घरच्या गिऱ्हाइकाने आपल्या चित्राचे पैसे देण्याचे नाकारले. पंच नेमावे लागले आणि त्यांनी पाचशे गिल्डर देवविले. रेम्ब्रांट जिंकला, पण असल्या घराण्यांशी जिंकणे परवडत नसते. पुढची दहा वर्षे त्याच्याकडे व्यक्तिचित्रांची कामे फारशी दिसत नाहीत. टिटसला सांभाळणाऱ्या खीर्त्ये डिर्क्स हिच्याशी त्याचे संबंध जुळले आणि बिघडले. वचनभंगाबद्दल ती कोर्टात गेली तेव्हा तिला सुधारगृहात डांबण्यासाठी त्याने जी मदत केली, तिचे समर्थन कोणालाही करता येणार नाही.

शहराची रुचीही पालटत होती. आता उजळ रंग, गुळगुळीत कातडी आणि ऐटदार उभे राहणे हवे होते. रेम्ब्रांटचेच शिष्य गोव्हर्ट फ्लिंक आणि फर्डिनांड बॉल ते सफाईने पुरवत होते. यान सिक्स या धनिक कविमित्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १६५४ मध्ये, म्हणजे द'आंद्रादाची नोटीस आली त्याच वर्षी, रेम्ब्रांटने त्याचे चित्र केले. खांद्यावर लाल झगा टाकलेला, बाहेर निघता निघता हातमोजा चढवणारा सिक्स. हातमोजा आणि झग्याच्या किनारी चार-सहा फटकाऱ्यांत उरकल्या आहेत, जवळून पाहिले तर नुसता रंग. चेहरा मात्र कित्येक दिवसांच्या ओळखीचा. व्यक्तिचित्राच्या कलेत याच्या तोडीची उदाहरणे फार थोडी सापडतील. ते आजही सिक्स घराण्याकडेच आहे. पण दोन वर्षांनी सिक्सला आपल्या पत्नीचे चित्र हवे होते, तेव्हा तो फ्लिंककडे गेला. ही पत्नी डॉक्टर टुल्प यांची मुलगी होती.

घराचे देणे भागवण्यासाठी रेम्ब्रांटने १६५३ मध्ये तिघांकडून कर्जे काढली. त्यांपैकी ४,१८० गिल्डर देणारा कॉर्नेलिस विट्सेन पुढे शहराचा महापौर झाला. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. या विट्सेनचा मुलगा निकोलास हाही पुढे महापौर आणि ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला. हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांच्या चित्रांचा एक संग्रह त्याच्याकडे होता. दख्खनच्या चित्रकारांनी डच गिऱ्हाइकांसाठी केलेल्या या चित्रांत शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. तो संग्रह आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे, 'नाइट वॉच' आहे त्याच इमारतीत. हिंदुस्थानी चित्रे रेम्ब्रांटच्याही हाती आली होती. जहांगीर, शाहजहान आणि मोगल दरबारातील सरदारांच्या लघुचित्रांवरून त्याने आशियातून आलेल्या कागदावर रेखाटने केली. त्यांतली तेवीस आजही उपलब्ध आहेत. ती त्याला कोणी सांगितलेली नव्हती. हाताला काम थोडे आणि सावकार दाराशी, अशा वर्षांत तो शाहजहानच्या पागोट्याच्या घड्या निरखत बसला होता.

जुलै १६५६ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. घरातल्या चीजवस्तूंची ३६३ कलमी यादी झाली आणि सगळे लिलावात गेले. दोन वर्षांनी घरही अकरा हजारांच्या थोड्या वर गेले. टिटस आणि रेम्ब्रांटबरोबर राहणारी हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स या दोघांनी १६६० मध्ये चित्रविक्रीची कंपनी काढली आणि रेम्ब्रांटला तिचा नोकर केले. सावकारांच्या हातून त्याची नवी चित्रे वाचवण्याची ती कायदेशीर युक्ती होती.

गंमत अशी की याच पडत्या काळात सिसिलीतील मेसिना शहराचा एक सरदार, डॉन अँटोनियो रुफो, त्याची चित्रे मागवत होता. त्याने फक्त एका तत्त्वज्ञाचे चित्र पाहिजे असे कळवले होते. रेम्ब्रांटने होमरच्या पुतळ्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारात पडलेला ॲरिस्टॉटल पाठवला आणि त्याचे पाचशे गिल्डर लावले. रुफोने तो ठेवला आणि आणखी चित्रे सांगितली. मात्र नंतरचा अलेक्झांडर पाहून तो खवळला. कॅनव्हास चार तुकडे शिवून केलेला निघाला आणि होमरचे चित्र अर्धवट होते. इटलीतला चित्रकार चौथाई दाम घेतो, असे त्याने कळवले. रेम्ब्रांटने नमते घेतले नाही. अलेक्झांडर पसंत नसेल तर नवा करून देईन, पण त्याचे पैसे पडतील, अशी त्याची भूमिका होती. होमर मात्र त्याने परत घेऊन पुरा केला.

शहराने त्याला शेवटचा मोठा धक्का दिला तो १६६२ मध्ये. नव्या नगरभवनासाठी डच लोकांच्या पूर्वजांच्या बंडाची चित्रे फ्लिंककडे होती. तो १६६० मध्ये अकाली वारला आणि एक चित्र रेम्ब्रांटच्या वाट्याला आले. बंडाचा नायक क्लॉडियस सिव्हिलिस हा एका डोळ्याने आंधळा होता. इतर चित्रकार त्याला बाजूने दाखवून तो डोळा झाकत. रेम्ब्रांटने त्याला समोरून, फुटक्या डोळ्यासकट बसवला आणि मेजावरच्या तलवारींवर शपथ घेणारी रांगडी मंडळी भोवती जमवली. जवळजवळ साडेपाच मीटर रुंद-उंच असा तो कॅनव्हास काही महिने भिंतीवर राहिला आणि परत आला. तो पुन्हा कधी लागला नाही. विकता यावा म्हणून रेम्ब्रांटने स्वतःच्या हाताने तो कापून मधला भाग तेवढा ठेवला. तो आता स्टॉकहोमला आहे.

आणि तरीही, म्हातारा, कंगाल आणि विस्मृतीत गेलेला हे त्याचे लोकप्रिय चित्र पुरते बरोबर नाही. त्याच १६६२ मध्ये कापडाची प्रत तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपले समूहचित्र त्याच्याकडे दिले. पाच अधिकारी, एक नोकर, मेजावर लाल गालिचा. कोणीतरी आत आल्यासारखे सगळ्यांनी मान वर केली आहे. क्ष-किरणांत दिसते की नोकराची जागा त्याने पुन्हा पुन्हा बदलून पाहिली. सर्वांत कमी महत्त्वाच्या माणसासाठी एवढी खटपट! यावेळी सगळे चेहरे स्पष्ट होते आणि कुरकुरीची नोंद कुठे नाही.

तीन-चार वर्षांनी खेरार्ड द लेरेस हा तरुण चित्रकार त्याच्यापुढे बसला. जन्मजात आजाराने त्याचे नाक बसलेले आणि चेहरा सुजलेला होता. रेम्ब्रांटने काही लपवले नाही आणि काही उघडे पाडण्याचा हट्टही केला नाही. काळ्या पोशाखातला, हातात कागद धरलेला एक हुशार, थोडा अवघडलेला तरुण त्या चित्रात आहे. पुढे हाच द लेरेस गुळगुळीत अभिजात शैलीचा पुरस्कर्ता झाला. तरुणपणी आपल्याला रेम्ब्रांट आवडत होता पण ती चूक होती, असे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले. तोवर तो पुरता आंधळा झाला होता.

स्वतःच्या चेहऱ्याची चाळीसेक तैलचित्रे रेम्ब्रांटने काढली. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी घेतली नाही. सुजलेल्या पापण्या, लोंबणारे गाल, विस्कटलेले केस, टाळूवर पांढरा रुमाल. इतरांना जे द्यायला तो तयार असे आणि ते घ्यायला कचरत, ते त्याने स्वतःला पुरेपूर दिले.

हेन्ड्रिक्ये १६६३ मध्ये गेली आणि टिटस सप्टेंबर १६६८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. रेम्ब्रांट मुलगी कॉर्नेलियाबरोबर भाड्याच्या घरात राहत होता. आणि कामे सांगायला माणसे अजून येत होती. डर्क व्हान काटनबर्ख याने देवळात बालयेशूला हातांवर घेणाऱ्या वृद्ध सिमिओनचे चित्र सांगितले होते. म्हाताऱ्याचे डोळे जवळजवळ मिटलेले, पुढे केलेले हात ताठ आणि त्यांवर दुपट्यातले मूल. कॅनव्हासवर अजून बराच भाग नुसत्या तपकिरी मांडणीत होता. मृत्यूच्या काही महिने आधी एका परिचित चित्रकाराने ते चित्रशाळेत पाहिले, असे त्याने पुढे साक्षीत सांगितले.

रेम्ब्रांट ४ ऑक्टोबर १६६९ रोजी वारला आणि चार दिवसांनी वेस्टरकर्कमध्ये भाड्याच्या थडग्यात त्याला पुरले. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी नोटरी आला आणि त्याने घरातल्या वस्तूंची यादी केली. चित्रे, रेखाटने आणि जुन्यापुराण्या वस्तू असलेल्या तीन खोल्यांना त्याने कुलूप लावून मोहोर केली. काटनबर्खचे चित्र अपुरेच राहिले.